जुन्या लष्करी मालमोटारीच्या ब्रेकनळ्या

१२ जानेवारी १९४५ रोजी आसामातील लेडो येथून ११३ वाहनांचा एक काफिला चीनच्या दिशेने निघाला. पांगसाऊची खिंड ओलांडून, उत्तर ब्रह्मदेशातील अरण्यांतून काढलेल्या नव्या रस्त्याने सुमारे १,७०० किलोमीटरचे अंतर कापून तो ४ फेब्रुवारी रोजी कुनमिंगला पोहोचला. या रस्त्याच्या वर्णनांत चढ, चिखल आणि दरडी यांचा उल्लेख वारंवार आढळतो. परंतु भरलेली मालमोटार चालविणाऱ्याला चढापेक्षा उताराची धास्ती अधिक असते. चढावर इंजिन कमी पडले तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक कमी पडले तर ती थांबत नाही.

या रस्त्यावर, आणि त्याआधी १९४४ च्या उन्हाळ्यानंतर फ्रान्समध्येही, सैन्याच्या मागे रसद पोहोचविण्याचे काम ज्या वाहनांनी केले त्यांत जनरल मोटर्स कंपनीची अडीच टनी मालमोटार अग्रभागी होती. तिचे अधिकृत नाव ‘सीसीकेडब्ल्यू’ असे होते. हे नाव विचित्र वाटले तरी निरर्थक नाही. पहिला ‘सी’ १९४१ सालचा आराखडा दर्शवितो, दुसरा ‘सी’ नेहमीच्या घडणीची चालककक्षा, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची शक्ती पोहोचते, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे शक्ती घेणारे दोन आस आहेत. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळात तयार झाल्या. युद्ध संपल्यावर त्या निरनिराळ्या देशांत विकल्या गेल्या आणि लाकडे, दगड, धान्य वाहत पुढे कित्येक वर्षे राबल्या. त्यांतल्या काही आज संग्रहालयांत आहेत, तर काही हौशी संग्राहकांनी पुन्हा चालत्या केल्या आहेत.

गाडी चालती करणे या शब्दप्रयोगातच एक गफलत दडलेली आहे. पन्नास-साठ वर्षे शेडमध्ये पडून राहिलेले इंजिन पहिल्यांदा धडधडू लागते तो क्षण आनंदाचा असतो, हे खरे. परंतु सुमारे पाच टन वजनाचे ते धूड रस्त्यावर आणण्यापूर्वी बोटापेक्षाही बारीक अशा काही नळ्यांची अवस्था कशी आहे, याचा विचार आधी व्हावयास हवा.

या मालमोटारीचे ब्रेक द्रवचालित आहेत. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल याने मांडलेला नियम त्यांच्या मुळाशी आहे. समजा, चालकाने पेडलवर ४० किलोग्रॅम जोर दिला आणि पेडलच्या तरफेमुळे तो सहापट झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरले, तर नळीतील द्रवावर दर चौरस सेंटिमीटरला ४८ किलोग्रॅम दाब येईल. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाशी तुलना केली, तर हा दाब किती मोठा आहे याची कल्पना येते. चाकाजवळच्या सिलिंडरातील दट्ट्या याच दाबाने बाहेर सरकतात आणि ब्रेक-शू फिरत्या ड्रमवर आतून दाबले जातात. दांड्या आणि तारा यांनी चालणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये सर्व चाकांवर समान जोर साधणे ही मोठी कसरत असे. द्रव हे काम आपोआप करतो. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले आणि पुढील दोन दशकांत ते सर्वत्र रूढ झाले.

पण ज्या गुणामुळे दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, त्याच गुणात दोषही आहे. या मालमोटारीत मास्टर सिलिंडर एकच, आणि त्यातून निघणारा मार्गही एकच. पुढे त्याला फाटे फुटून तो सहाही जागच्या ब्रेकपर्यंत जातो. त्यांतील कोणत्याही एका जागी नळी फुटली तर द्रव तेथून बाहेर पडतो, दाब नाहीसा होतो आणि सहाही ब्रेक एकाच वेळी निकामी होतात. आजच्या मोटारींत दोन स्वतंत्र मार्ग असतात व एक गेला तरी दुसरा उरतो. अमेरिकेत प्रवासी मोटारींना ही व्यवस्था १९६८ पासून सक्तीची झाली. जुन्या लष्करी गाडीत हातब्रेक असतो खरा, पण तो मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दंडावर काम करतो आणि त्याचे मुख्य प्रयोजन उभी गाडी जागेवर धरून ठेवणे हेच आहे. उतारावर धावणारी भरलेली गाडी त्याच्या भरवशावर थांबविता येईल असे मानणे धोक्याचे आहे.

या नळ्या दोन प्रकारच्या असतात. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कडेने आणि आसांवरून जाणाऱ्या नळ्या पोलादी व ताठ असतात. परंतु आस खड्ड्यांतून खालीवर होतो आणि पुढची चाके त्याशिवाय डावीउजवीकडे वळतात. तेथे ताठ नळी काही दिवसांतच तुटेल. म्हणून त्या ठिकाणी कापडी अथवा सुती धाग्याची वीण घातलेल्या रबरी नळ्या जोडलेल्या असतात.

पोलादी नळी बाहेरून गंजते हे कोणाच्याही लक्षात येते. ती विशेषतः पकडपट्टीखाली गंजते, कारण तेथे चिखल अडकतो आणि ओल टिकून राहते. वरवर रंग शाबूत दिसतो, पण पट्टी काढली की नळीची भिंत कागदाइतकी उरलेली आढळते. याहून फसवा गंज आतला. नेहमीच्या वापरातला ब्रेकचा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. रोज धावणाऱ्या गाडीत तो ठरावीक काळाने बदलला जातो. उभ्या गाडीत मात्र तोच द्रव दशकानुदशके राहतो, त्यातले पाणी वाढत जाते आणि नळीत व सिलिंडरात आतून खड्डे पडू लागतात. तेव्हा कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली राहिलेली गाडी, हा समज ब्रेकच्या बाबतीत अगदी उलटा ठरतो.

रबरी नळीची कथा याहून वेगळी आहे. तिच्यावर भेगा पडल्या, ती फुगली किंवा चिकट झाली तर दोष डोळ्यांना दिसतो. पण पुष्कळदा बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून सुजलेली असते आणि तिची पोकळी सुईच्या भोकाएवढी उरते. पेडलचा जोर एवढा असतो की, द्रव त्या भोकातूनही चाकाकडे ढकलला जातो; मात्र पेडल सोडल्यावर परत येण्यासाठी द्रवाला मागून रेटणारे काही नसते, असतो तो केवळ ब्रेक-शूच्या स्प्रिंगचा क्षीण ताण. परिणामी ते चाक ब्रेक लागलेल्या अवस्थेतच फिरत राहते आणि ड्रम तापतो. मेकॅनिक अशा वेळी स्प्रिंगला किंवा सिलिंडरला दोष देतो. खरा अपराधी ओळखण्याची एक सोपी रीत आहे. चाक अडकलेले असताना रबरी नळीच्या चासीकडील टोकाचा सांधा किंचित सैल करावा. चाक मोकळे झाले तर दोष मागे, मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. तेथे मोकळे झाले नाही, पण चाकावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करताच झाले, तर द्रव रबरी नळीतच कोंडलेला होता हे निश्चित समजावे.

संग्राहकांना पडणारा एक मोह येथे सांगितला पाहिजे. युद्धकाळातील मूळ लष्करी वेष्टनातील, कधीही न वापरलेले सुटे भाग अजूनही बाजारात मिळतात. दिवा, आरसा किंवा दाबमापक अशा रीतीने मिळाला तर ती पर्वणीच होय. परंतु त्याच वेष्टनातली रबरी नळी ही १९४४ सालचे रबर आहे. रबर खोक्यात बंद असले तरी म्हातारे होतच असते. ती नळी काचेच्या कपाटात शोभेल. गाडीला नवीच हवी, आणि तीही तिच्यावर छापलेला निर्मितीचा काळ पाहून घेतलेली.

गळणारी एक नळी बदलून बाकीच्या तशाच ठेवण्याची काटकसर पुष्कळजण करतात. ती खोटी काटकसर आहे. सर्व नळ्या एकाच वयाच्या असतात. गळकी बदलली की पेडल पुन्हा कडक होते, पूर्ण दाब चढतो आणि तो उरलेल्यांपैकी सर्वांत दुबळ्या नळीवर जाऊन आदळतो. म्हणून पोलादी, रबरी आणि त्यांबरोबर पितळी जोडतुकडेही एकाच वेळी तपासून बदलणे हाच मार्ग योग्य होय. या मालमोटारीत इंजिनाच्या शोषणामुळे निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या साहाय्याने पेडलचा जोर वाढविणारे ‘हायड्रोव्हॅक’ नावाचे यंत्र असते. इंजिनापासून त्याकडे जाणारी जाड रबरी नळीही या यादीतून सुटू नये.

नव्या नळीचे द्रव्य कोणते असावे? मूळ नळी पोलादी पत्र्याची दुहेरी गुंडाळी करून, तिचे थर तांब्याने सांधून बनविलेली असे. तशी नळी आजही मिळते, ती मजबूत असते व मूळ रूपाला धरून असते. फक्त ती वाकविण्यास जरा कठीण. दुसरा पर्याय तांबे आणि सुमारे १० टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचा. ही नळी गंजत नाही आणि हाताने वळते; स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७० च्या दशकातच ती आपल्या मोटारींना वापरण्यास आरंभ केला. शुद्ध तांब्याची नळी मात्र वर्ज्य समजावी. शीतकपाटे दुरुस्त करणाऱ्याकडे ती सहज मिळते, हातात मऊ लागते, आणि म्हणूनच ती मोहात पाडते. पण सततच्या हादऱ्यांनी तांबे कडक होत जाते व सांध्याजवळ चिरते.

जुन्या नळ्या काढताना घाई करणाऱ्याला पुढे दामदुप्पट वेळ खर्चावा लागतो. नट गंजून नळीशी एकजीव झालेले असतात. साध्या पान्याने त्यांचे कोपरे घासले जातात. त्यासाठी एका बाजूने फट ठेवलेला, जवळजवळ वेढून धरणारा पाना मिळतो तोच वापरावा. गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशी सोडून ठेवावे. तरीही नट हलला नाही तर नळी नटाच्या तोंडाशी कापून टाकावी आणि वर बंद रिंगचा पाना चढवावा. नळी जाणारच आहे, जपायचा असतो तो सिलिंडर. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. त्या काळच्या ब्रेक-शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

काढलेली प्रत्येक नळी, कितीही सडलेली असो, फेकू नये. तीच नव्या नळीचा नमुना असते. तिला चिठ्ठी बांधून ती कोठून कोठे जात होती हे लिहून ठेवावे, आणि तिच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी मोजावी. नव्या नळीला वळण देण्यासाठी साचा वापरावा. गुडघ्यावर वाकविलेली नळी दबून चपटी होते. तिचा मार्ग मूळचाच ठेवावा. कारखान्यातील आरेखकाने नळी चासीच्या आतल्या कडेने नेली होती ती उगीच नव्हे. तेथे तिला दगड लागत नाही, आणि धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळापासूनही ती दूर राहते.

सर्वांत नाजूक काम नळीच्या तोंडाचे. नळीचे टोक कर्ण्याच्या तोंडासारखे पसरवितात, त्यामागे नट असतो, आणि नट आवळला की हे पसरलेले तोंड समोरच्या शंकूवर दाबले जाऊन सांधा बंद होतो. या पसरणीला कारागीर ‘फ्लेअर’ म्हणतात. अमेरिकन गाड्यांत ती ४५ अंशांची आणि दुहेरी असते, म्हणजे नळीची कड आधी आत दुमडून मग पसरविलेली असते. एकेरी पसरणीत धातू ताणला जाऊन चिरतो. ती पाण्याच्या अथवा इंधनाच्या नळीला चालेल, ब्रेकला नाही. नळी करवतीने न कापता फिरत्या चाकाच्या कातरीने कापावी, कड कानशीने सपाट करावी, आतली कोर काढून टाकावी आणि कण फुंकून बाहेर घालवावेत. पहिल्या दोन-तीन पसरणी टाकाऊ तुकड्यांवर करून पाहाव्यात. तोंड एका बाजूला कलले, त्यावर बारीक चीर दिसली, की तेवढा भाग कापून पुन्हा करावे. आणि पसरण करण्यापूर्वी नट नळीत ओवला आहे ना, हे पाहावे! सुंदर पसरण साधल्यावर बाकावर पडलेला नट दिसण्याचा प्रसंग निष्णात कारागिरांवरही येतो. कापलेल्या नळ्या दाबकडीने जोडणाऱ्या तयार जोडण्याही बाजारात असतात. ब्रेकच्या मार्गात त्यांना जागा नाही.

आट्यांची गोष्ट भारतीय वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. या गाडीचे आटे इंचांच्या मापाचे आहेत. तीन सोळांश इंच नळीच्या नटाचा व्यास तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरांहून किंचित अधिक, आणि एका इंचात २४ आटे. आपल्याकडील बाजारात सहज मिळणारा १० मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर अंतराचे आटे असलेला नट दिसायला जवळजवळ तसाच असतो. तो जोर लावल्यास दोन-तीन फेरे आत जातोही, आणि तेवढ्यात पितळी जोडतुकड्याचे आटे कापून टाकतो. प्रत्येक नट प्रथम बोटांनीच फिरवावा; बोटांनी फिरत नसेल तर तो त्या जागेचा नाही.

रबरी नळी बसविताना क्रम महत्त्वाचा. नळीसकट फिरवून बसवावे लागणारे टोक आधी चाकाच्या सिलिंडरात घट्ट करावे, त्याखाली नवा तांब्याचा वॉशर घालावा, मग दुसरे टोक चासीवरील कंसात अडकवून पोलादी नळीचा नट आवळावा. हा नट आवळताना रबरी नळीचे टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे, नाहीतर नळीला पीळ बसतो. नळीवर लांबीच्या दिशेने छापलेली रेघ सरळ दिसली म्हणजे पीळ नाही असे समजावे. यानंतर पुढची चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून, आस उचलून व खाली सोडून पाहावे. नळी कोठेही ताणली जाता कामा नये, तशीच ती टायरला किंवा स्प्रिंगला घासताही कामा नये. गाडीला रंग द्यायचा असल्यास रबरावर कागद गुंडाळावा. रंगातील द्रावक रबराला सोसत नाहीत.

आता द्रवाविषयी. द्रवचालित ब्रेकच्या आरंभीच्या दशकांत या नळ्यांतून एरंडेल वाहत असे हे ऐकून आज नवल वाटेल. एरंडेल आणि अल्कोहोल यांचे ते मिश्रण होते. नैसर्गिक रबराला एरंडेल बाधत नाही, उलट खनिज तेलाने ते फुगते. आजही चुकून इंजिनाचे तेल ब्रेकच्या टाकीत ओतले तर सर्व रबरी वाट्या फुगून ब्रेक जाम होतात, आणि रॉकेलने धुतलेल्या भागांचीही तीच गत होते. धुण्यासाठी स्पिरिटच वापरावे. सध्याचे प्रचलित द्रव ग्लायकोल वर्गातले असतात व ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ या नावांनी मिळतात. मानकानुसार नवा ‘डॉट ३’ द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये; ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ड्रमची उष्णता सिलिंडरात उतरते, द्रवातील पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. त्या क्षणी नळी एकही फुटलेली नसते, तरी ब्रेक नसतात.

सिलिकोनचा ‘डॉट ५’ हा द्रव पाणी शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही. अमेरिकन सैन्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी तो स्वीकारला, आणि वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर निघणाऱ्या गाड्यांच्या मालकांना तो पसंत पडतो. परंतु तो ग्लायकोल द्रवात कधीही मिसळू नये. शिवाय त्यात हवेचे बुडबुडे सहज अडकतात, म्हणून तो हळू ओतावा लागतो. मार्गात शिरलेले पाणी त्यात विरघळत नसल्यामुळे सखल जागी साचून राहते, हाही दोष आहेच. सर्व नळ्या व रबरी भाग नवे घातले असतील तेव्हाच हा बदल करणे शहाणपणाचे.

मार्ग द्रवाने भरल्यावर त्यातील हवा काढावी लागते. इंजिन बंद ठेवून प्रथम हायड्रोव्हॅकवरील स्क्रूमधून, नंतर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून क्रमाने जवळच्या चाकाकडे यावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने स्क्रू उघडून द्रव काचेच्या बाटलीत सोडावा व पेडल वर येण्याआधी स्क्रू बंद करावा. बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे, आणि टाकीतील द्रव संपू देऊ नये. संपला तर सर्व काम पुन्हा पहिल्यापासून.

यानंतर एका धडधाकट माणसाने पेडल पूर्ण जोराने दाबून काही मिनिटे धरून ठेवावे. ते कणभरही खाली जाऊ नये. तेवढ्या वेळात दुसऱ्याने गाडीखाली सरपटत जाऊन कोरडा पांढरा कागद प्रत्येक सांध्याला लावून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर उमटतो. मग इंजिन सुरू करावे. दाबलेले पेडल त्या वेळी किंचित खाली गेले तर हायड्रोव्हॅक काम करीत आहे असे समजावे. पहिली फेरी सपाट, रिकाम्या मैदानात, माणसाच्या चालीच्या वेगाने घ्यावी, आणि परतल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. सहांपैकी एखादा इतरांहून फार गरम किंवा अगदी थंड लागला, तर त्याची नळी, सिलिंडर आणि शू पुन्हा तपासावे लागतील. शंभरएक किलोमीटर झाल्यावर सर्व सांध्यांना पुन्हा एकदा तोच पांढरा कागद लावावा.